आदर्शवाद की वास्तववाद? रोजगार हमीच्या मस्टरवरून दिलेलं उत्तर

सुट्टीत संघटनेत काम करायला निघताना तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. राज्यशास्त्राच्या वर्गात आदर्शवाद आणि वास्तववाद हे समोरासमोरचे दोन पक्ष म्हणून शिकवले जातात. संघटनेत काम करायला गेलं की जुने कार्यकर्ते सांगतात, "पुस्तक घरी ठेव, जरा प्रॅक्टिकल हो." मग प्रत्यक्ष काम करणाऱ्याने उभं राहायचं कुठे, आणि तडजोड कुठवर करायची? आणि वय वाढलं की शेवटी सगळेच वास्तववादी होणार असतील, तर आदर्शाचा उपयोग भाषणापलीकडे काय?

मी राज्यशास्त्राचा प्राध्यापक नाही. ऐंशीच्या दशकापासून शेतमजुरांच्या संघटनेत काम केलं, रोजगार हमीच्या, म्हणजे मागेल त्याला काम देण्याच्या सरकारी योजनेच्या, कामांवर मजुरांच्या बाजूने भांडलो. पुढे कार्यकर्त्यांच्या शिबिरांत शिकवायची वेळ आली तेव्हा जुनी भाषणं, कायदे, शासन निर्णय नीट बसून वाचले. त्यामुळे उत्तरात तत्त्वज्ञान कमी आणि तहसील कचेरी जास्त येईल.

आधी मत सांगून टाकतो. माणसांवर हे शिक्के मारणं सोडून द्या, त्यातून काही कळत नाही. आदर्श मांडणाऱ्याला विचारा की बाबा, हे कोणत्या कागदावर उतरणार, पैसा कोण देणार, आणि झालं नाही तर कोणाला जाब विचारायचा? आणि 'वास्तव बघा' म्हणणाऱ्याला विचारा की हे वास्तव कोणाच्या सोयीचं आहे, आणि ते कधीपासून असं आहे? दोन्ही प्रश्नांना सरळ उत्तर देणारी माणसं कमी भेटतात. भेटली तर त्यांच्याबरोबर काम करा, मग ती स्वतःला काहीही म्हणवोत.

शिक्के का निरुपयोगी, ते आपल्याच इतिहासातून दाखवतो. डिसेंबर १९१९ मध्ये अमृतसरच्या काँग्रेसमध्ये ब्रिटिशांनी देऊ केलेल्या माँटेग्यू-चेम्सफर्ड राजकीय सुधारणांचं काय करायचं यावर टिळक आणि गांधी यांचं जमलं नाही. पाठोपाठ गांधींनी 'यंग इंडिया'त लिहिलं की लोकमान्यांच्या मते राजकारणात सगळं क्षम्य असतं. टिळकांना ते लागलं. जानेवारी १९२० मध्ये त्यांनी पत्र धाडलं. राजकारण हा संसारी माणसांचा खेळ आहे, साधूंचा नव्हे, आणि बुद्धाच्या 'अक्कोधेन जिने कोधं' (रागाला न रागावता जिंकावं) यापेक्षा मला श्रीकृष्णाचं 'ये यथा मां प्रपद्यन्ते तांस्तथैव भजाम्यहम्' (जे जसे माझ्याकडे येतात त्यांच्याशी मी तसाच वागतो) हे वचन जवळचं वाटतं, असा त्याचा आशय. गांधींनी 'शठं प्रति शाठ्यम्' (लबाडाशी लबाडी) याच्या जागी 'शठं प्रत्यपि सत्यम्' (लबाडाशीही सत्यच) ठेवलं. झालं. तेव्हापासून एक वास्तववादी आणि एक आदर्शवादी अशी वाटणी करून आपण मोकळे झालो.

पण त्याच पत्रात टिळक असंही म्हणतात की दोन्ही मार्ग सारखेच प्रामाणिक आणि नीतीचे आहेत, एक या जगाला जास्त मानवणारा आहे इतकंच. हे वाक्य भाषणांत फारसं कोणी सांगत नाही. आता दोघांचं वागणं बघा. या 'संसारी' माणसाने १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यानंतर सहा वर्षं मंडालेच्या तुरुंगात काढली. आणि 'साधू'ने काय केलं? लाहोरला पूर्ण स्वराज्याचा ठराव झाल्यावर महिन्याभरात, जानेवारी १९३० मध्ये, गांधींनी व्हाइसरॉयपुढे ११ मागण्या ठेवल्या. दारूबंदी आणि मिठावरचा कर त्यात होताच, पण शेतसारा निम्मा करा, लष्कराचा खर्च निम्मा करा हेही होतं. आणि रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्सांवरून १ शिलिंग ४ पेन्सांवर आणा, हीसुद्धा एक मागणी होती. विनिमय दर! गिरणीमालक आणि निर्यातदार ज्यावरून चिडलेले होते ती गोष्ट त्या यादीत नेमकी आली. शेतकरी, व्यापारी, बायका, मजूर अशा प्रत्येकाला त्या ११ मध्ये आपलं काहीतरी सापडत होतं. असा हिशेब मुरलेल्या पुढाऱ्यालाही सहसा जमत नाही. पुढे मार्च १९३१ मध्ये व्हाइसरॉय आयर्विनशी करार झाला तेव्हा मिठाचा कर रद्द झालाच नाही. जिथे मीठ पिकतं तिथल्या गावांना घरच्यापुरतं मीठ काढायची आणि गावात विकायची मुभा मिळाली, इतकंच. जवाहरलाल नेहरूंसारखे लोक त्या करारावर नाराज होते. आता यातला आदर्शवादी कोण?

गोखल्यांचं उदाहरण तर आणखी गमतीचं. मवाळांचे मेरुमणी, अर्ज-विनंत्यांचे राजकारणी अशी त्यांची ओळख. त्यांनी मार्च १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. ते त्यांनी स्वतःच इतकं कापून आणलं होतं की वाचताना कीव यावी. सक्ती करायची की नाही हे नगरपालिका आणि लोकल बोर्डांवर सोडलेलं, तीही आधीच पुरेशी मुलं शाळेत जात असतील तिथेच, आणि सुरुवातीला फक्त ६ ते १० वयाच्या मुलग्यांसाठी. मुलींचं नंतर बघू. म्हणजे वास्तवाला देता येईल तेवढं सगळं देऊन झालं होतं. तरी मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. दिवस संपायच्या आत माझं विधेयक फेकून दिलं जाणार हे मला ठाऊक आहे, असं गोखले त्या भाषणातच म्हणाले होते. आकडे माहीत असूनही ते उभे राहिले. तिकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी पाच-सहा वर्षांत आपल्या संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, कारण हुकूम काढणं त्यांच्या हातात होतं. १९०२ मध्ये संस्थानातल्या नोकऱ्यांपैकी निम्म्या मागासलेल्या जातींसाठी राखून ठेवायचा हुकूमही त्यांनी असाच काढला होता.

यातून मी एक गोष्ट शिकलो आणि शिबिरांत ती सांगतो. आधीच पाणी घालून आणलं म्हणजे मागणी मान्य होते, असं काही नाही. समोरच्याला नकोच असेल तर तो पातळ केलेलंही नाकारतो. मग आपल्याकडे ना धड मागणी राहते, ना यश.

परदेशी पंडितांबद्दल थोडक्यात, कारण परीक्षेत ते येतात. मॅकियाव्हेली हा वास्तववाद्यांचा आद्यगुरू म्हणून सांगितला जातो. हा माणूस १४ वर्षं फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाचा नोकर होता, ते कोसळल्यावर त्याने तुरुंग आणि छळ भोगला, आणि त्यानंतर राजाला सल्ले लिहिले. त्याचं दुसरं मोठं लिखाण प्रजासत्ताक कसं टिकतं यावर आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने १९१९ मध्ये म्युनिकला, बाहेर क्रांतीची धुमश्चक्री चालू असताना, विद्यार्थ्यांपुढे भाषण दिलं. निष्ठेची नीती (परिणाम काहीही होवो, तत्त्व सोडायचं नाही) आणि जबाबदारीची नीती (परिणाम बघून वागायचं) हा भेद तिथला. आपल्याकडे त्याचा अर्धाच भाग सांगतात, की परिणामांची जबाबदारी घ्या. पण परिणामांचा पूर्ण विचार करणारा माणूस एका टप्प्यावर 'आता यापुढे मी हटणार नाही' म्हणतो, ते आपल्याला हलवून सोडतं, असंही वेबर त्याच भाषणात म्हणाला. राजकारणाला लायक माणसात दोन्ही हवं असं त्याचं म्हणणं. पंडितांचं इतकं पुरे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आदर्श कागदावर कसा उतरतो याचं मला जवळून दिसलेलं उदाहरण म्हणजे कामाचा हक्क.

१९४७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या आपल्या पक्षातर्फे संविधान सभेसाठी एक निवेदन तयार केलं. त्यात मूळ उद्योग, विमा आणि शेतीसुद्धा सरकारच्या मालकीची असावी, आणि हे सगळं संविधानातच लिहावं अशी मांडणी होती. म्हणजे उद्या कुठल्याही बहुमताला ते सहज पुसता येऊ नये. याहून मोठा आदर्श काय असणार! आणि नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेचे सदस्य के. टी. शहांनी संविधानाच्या पहिल्याच कलमात 'समाजवादी' हा शब्द घाला अशी दुरुस्ती आणली, तेव्हा तिला विरोध कोणी केला? याच आंबेडकरांनी. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावं, संविधानाने त्यांचे हात बांधू नयेत, असं ते म्हणाले. वर शहांना हेही दाखवलं की मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे राज्याने कारभार करताना पाळायच्या तत्त्वांत, समाजवादी आशय आधीच आलेला आहे.

आंबेडकर बदलले, झुकले, अशी टीका यावर होते. मला ती उथळ वाटते. १९४७ मध्ये ते एका अल्पसंख्य गटाचं निवेदन लिहीत होते, आणि १९४८ मध्ये ज्या सभेत आपल्या पक्षाचं बहुमत नाही तिथे मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून उभे होते. त्यांनी आदर्श सोडला नाही, तो ठेवायची जागा बदलली. कलम ४१ आलं ते असं. राज्याने आपल्या आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत कामाचा, शिक्षणाचा आणि बेकारी, म्हातारपण, आजारपणात मदतीचा हक्क मिळवून द्यावा. आणि कलम ३७ सांगतं की या तत्त्वांसाठी कोर्टात जाता येणार नाही. मग उपयोग काय, असं तेव्हाही विचारलं गेलं. आंबेडकरांचं उत्तर असं की सत्तेवर येणारा कोर्टाला उत्तर देणार नाही, पण निवडणुकीत मतदारांना त्याला उत्तर द्यावंच लागेल.

'आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत' हे शब्द पुढे प्रत्येक वास्तववाद्याच्या कामी आले. कामाचा हक्क? जरूर, पण ऐपत कुठे आहे? १९५० पासून वीस-बावीस वर्षं हेच चाललं.

मग दुष्काळ पडला. १९७० पासून सलग तीन वर्षं पावसाने दगा दिला आणि १९७२ ने कळस केला. दुष्काळी कामांवर खडी फोडायला, माती वाहायला माणसांची रीघ लागली. मे १९७३ मध्ये राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं या कामांवर होती. आमच्या भागात त्या पिढीची माणसं अजून 'बहात्तर' हा शब्द वर्ष म्हणून नाही, संकट म्हणून वापरतात. मिलोचे (बाहेरून आणलेल्या ज्वारीचे) लाल दाणे, सुकडी हा वाटपाचा कोरडा खाऊ, आणि खडी केंद्र.

पण रोजगार हमीची कल्पना दुष्काळात जन्मली नाही, आणि हे महत्त्वाचं आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले गांधीवादी. मागेल त्याला काम देता येईल का, याचा विचार ते साठच्या दशकापासून करत होते आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या मागे लागले होते. साठच्या दशकाच्या शेवटी प्रायोगिक काम झालं, १९७२ मध्ये योजना आली. म्हणजे कल्पना, तिचा हिशेब आणि थोडाफार अनुभव फायलीत तयार होता. दुष्काळाने फक्त दार उघडलं. असं दार उघडतं तेव्हा आत शिरायला ज्याच्याकडे तयार मसुदा असतो तोच शिरतो. 'वेळ आली की बघू' म्हणणाऱ्यांची वेळ येते आणि जाते.

आता पैसा. पागे गांधीवादी होते, पण 'राज्याने करुणा दाखवावी' म्हणून थांबले नाहीत. १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने आपली पगाराची स्लिप काढून बघावी. पगार सवलतीच्या मर्यादेपलीकडे असेल तर तिथे 'पी.टी.' म्हणून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, वर्षाचे २,५००. ती कपात मुळात रोजगार हमीसाठी सुरू झाली, हे आयटी पार्कातल्या पोरांना सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही. व्यवसाय करासोबत बागायती जमिनीवर, वाहनांवर, विक्रीकरावर जादा आकार बसले, आणि या करांतून जेवढं येईल तेवढीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची असं ठरलं. 'ऐपत कुठे आहे'चं उत्तर असं दिलं गेलं: ऐपत इथे आहे, या रकान्यात.

मग कायदा. १९७७ मध्ये विधिमंडळात एकमताने मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. एकमताने! काँग्रेस, शेकाप, समाजवादी, जनसंघातून आलेले, कम्युनिस्ट, कोणीही विरोध केला नाही. एवढी सगळी माणसं त्या दिवशी आदर्शवादी झाली होती का? छे. प्रत्येकाचा आपला हिशेब होता. मुंबईकरांना दुष्काळी लोंढे फुटपाथवर नको होते. बागायतदाराला पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ता हवा होता, म्हणजे विहिरीला पाणी आणि उसाला वाट. डाव्यांना मजूर संघटित करायला हत्यार मिळत होतं. आमदाराला तालुक्यात काम दाखवायला मिळत होतं. आणि मोठ्या शेतकऱ्याची एक भीती होती की हंगामात मजूर तुटेल, मजुरी वाढेल. तीही कायद्याच्या रचनेत सांभाळली गेली. काम फक्त अंगमेहनतीचं आणि मजुराला कामाच्या निवडीचा अधिकार नाही. काम जिल्ह्यात कुठेही मिळू शकेल. निदान ५० मजुरांनी मागणी केल्याशिवाय नवीन काम सुरू नाही. १५ दिवसांत काम दिलं नाही तर बेकार भत्ता, पण तो किती? दिवसाला किमान एक रुपया.

त्या काळात आमच्या वर्तुळातले कडवे लोक म्हणायचे, हा भूमिहीनांच्या घामावर बागायतदारांची मालमत्ता उभी करायचा धंदा आहे. खोटं नव्हतं. मी स्वतः पाहिलेल्या पाझर तलावांखालच्या विहिरी कोणाच्या होत्या हे सगळ्या गावाला ठाऊक असे. पण त्यावरून 'म्हणून ही योजना नको' असं म्हणणारा कार्यकर्ता मजुरांच्या वस्तीत तोंड दाखवू शकला नसता. तिथल्या बायकांना तलाव कोणाच्या शेताला लागतो याची पर्वा नव्हती असं नाही. पण त्यांना गावातल्या मालकाच्या दारात न जाता चूल पेटवता येत होती, आणि मस्टरवर, म्हणजे कामाच्या हजेरीपटावर, त्यांचं स्वतःचं नाव होतं. जोपर्यंत हे दुसऱ्या कशाने मिळत नाही, तोपर्यंत योजनेचा वर्गीय पाया शिबिरात समजावून सांगा, आणि सकाळी त्याच बायकांबरोबर काम मागायला चला. आमच्या संघटनेने तेच केलं, आणि मला त्यात काही विसंगती वाटत नाही.

आता जरा कचेरीत चला, कारण आदर्शाचं खरं भवितव्य तिथे ठरतं.

काम मागायचा अर्ज म्हणजे नमुना चार. तो दिला की तारखेसह पोच मिळायला हवी. सगळी हमी त्या पोचेवर टांगलेली. पोच नाही तर तारीख नाही, तारीख नाही तर १५ दिवस मोजायचे कुठून, आणि मोजता आले नाहीत तर भत्ता कसला? कायदा न मोडता कायदा मारायचा असेल तर एकच करायचं, अर्ज घ्यायचा आणि पोच द्यायची नाही. एका तालुक्याच्या ठिकाणी पन्नास-साठ बायका अर्ज घेऊन आल्या. कारकून म्हणाला, "ठेवून जा, साहेब आल्यावर बघतील." पोच मागितली तर म्हणाला, "अहो, तालुक्यात कामच शिल्लक नाही, तर पोच कशाची देऊ? जरा प्रॅक्टिकल बोला." मी काही बोलायच्या आत पुढे उभी असलेली एक बाई म्हणाली, "बरं, मग काम नाही एवढं लिहून द्या. सही-शिक्का मारून."

ते तो लिहून देणार नव्हता, कारण तसं लिहिणं म्हणजे सरकारने हमी मोडल्याची कबुली. दुपारपर्यंत पोच मिळाल्या. मला या प्रसंगात सगळी चर्चा दिसते. 'काम नाही' हे कारकुनाचं वास्तव तोंडी होतं तोवर भक्कम होतं. लिहायची वेळ आली तेव्हा ते उभं राहू शकलं नाही. ज्याला आपण कठोर वास्तव म्हणतो, त्यातलं बरंचसं असं तोंडी असतं. त्यावर सही कोणी करत नाही.

दुसरी जागा मोजमापाची. मजुरी दिवसावर नाही, कामाच्या मापावर. खड्डा किती लांब, रुंद, खोल, माती किती अंतर वाहिली, आणि माती कसली: मऊ, कठीण, की मुरूम. मुरूम खोदायला दुप्पट वेळ लागतो, म्हणून त्याचा दरही जास्त. पण मोजमाप पुस्तकात 'मऊ माती' असं लिहिलं की दिवसभर घण घातलेल्या जोडीला निम्मीच मजुरी पडते. खोली मोजता यावी म्हणून खोदताना मधेमधे मातीचा उंचवटा तसाच ठेवायचा असतो. तो कोणी पाडला की वाद सुरू, साहेब म्हणतील ती खोली. आम्ही मजुरांना घोषणा नंतर शिकवल्या, आधी टेप धरायला शिकवलं. दहावी झालेल्या दोन-तीन मुली हाताशी असल्या की पुरे. रोजच्या रोज खड्डा मोजून वहीत लिहायचा, खोदलेल्या मुरमाचा एक ढीग बाजूला राखायचा, आणि इंजिनिअर आले की वही पुढे करायची. समान कामाला समान दाम हे तत्त्व कलम ३९ मध्ये आहे. आमच्याकडे ते त्या वहीत होतं. मापावर मजुरी असल्यामुळे बाईला पुरुषापेक्षा कमी दर लावायची सोयच नव्हती, जी शेतावर सर्रास चालायची. बायका या कामांवर इतक्या संख्येने आल्या, त्याचं हे एक मोठं कारण.

पण सगळं गोड नव्हतं. १९८८ मध्ये शेतीचं किमान वेतन जवळपास दुप्पट झालं आणि रोजगार हमीचे दरही त्यासोबत वाढले. मजुरांचा मोठा विजय. आणि त्यानंतर कामांवरची उपस्थिती घसरली. लोकांना काम नको होतं म्हणून नाही. खर्च वाढल्यावर कामं सुरू करायला यंत्रणा हात आखडता घेऊ लागली. हमी कायम, दर वाढलेले, फक्त काम निघेना. माझ्या माहितीत आदर्शवाद्यांनी यावर सरकारी विश्वासघात म्हणून लेख लिहिले आणि वास्तववाद्यांनी 'दर वाढवलात म्हणूनच' म्हणून बोट दाखवलं. मला दोन्ही अपुरे वाटतात. दर वाढणं न्याय्यच होतं, बायका त्या आधीच्या दरावर कशा जगत होत्या ते मी पाहिलंय. चूक होती ती कायद्याच्या सांध्यात. काम न दिल्याची शिक्षा एक-दोन रुपयांचा भत्ता, आणि तो मंजूर करणार कोण? ज्यांनी काम दिलं नाही तीच यंत्रणा. दर वाढवताना हा सांधा तसाच राहिला. काम न देणं काम देण्यापेक्षा स्वस्त असेल, तर कोणतीही कचेरी न देण्याचाच मार्ग धरणार. हे सांगायला मॅकियाव्हेली लागत नाही.

इथे तुमच्या प्रश्नातला अवघड भाग येतो: तडजोड कुठवर करायची? शिबिरात मी दोन प्रकारच्या तडजोडी वेगळ्या करून सांगतो. रकमेची तडजोड पुन्हा उघडता येते. एक रुपया भत्ता लाजिरवाणा होता, पण आकडा बदलता येतो, मोर्चे काढून तो वाढवता येतो. पण हक्क कोणाचा, आणि तो मोडला तर निवाडा कोण करणार, यावर केलेली तडजोड सहसा पुन्हा उघडत नाही. १९७७ मध्ये 'मागेल त्याला' हे शब्द टिकले आणि दिवसांची कमाल मर्यादा आली नाही, ही मोठी कमाई. निवाडा प्रशासनाच्याच हातात राहिला, हे मोठं नुकसान. २००५ च्या केंद्राच्या कायद्याने उलटं केलं. हमी देशभर नेली, पण एका कुटुंबाला वर्षाला १०० दिवस अशी सीमा घातली. सामाजिक अंकेक्षण मात्र कायद्यातच घेतलं, म्हणजे हिशेब तपासायचा अधिकार ग्रामसभेला आला. दिल्लीच्या चर्चांत तेव्हा महाराष्ट्राचा दाखला सतत दिला जाई, आणि खर्चाने देश बुडेल म्हणणारे तेव्हाही होतेच. त्यांना देण्यासारखं सगळ्यात चांगलं उत्तर कुठल्या पुस्तकात नव्हतं. एक राज्य पंचवीस-तीस वर्षं हे करत होतं आणि बुडालं नव्हतं, हे ते उत्तर.

माणसं वयानुसार वास्तववादी होतातच का, या तुमच्या शेवटच्या शंकेबद्दल. माझ्या ओळखीत दोन्ही प्रकार आहेत. काहीजण तरुणपणी क्रांतीखाली काहीच चालणार नाही म्हणायचे. पहिल्या दोन मोर्चांत काही पदरात पडलं नाही तेव्हा ते थेट दुसऱ्या टोकाला गेले आणि आता टीव्हीवर 'असंच चालायचं' सांगतात. त्यांनी मधली जागा कधी पाहिलीच नाही. अर्ज, पोच, वही, अपील हे त्यांना तेव्हा क्षुद्र वाटायचं आणि आता निरर्थक वाटतं. दुसरे, ज्यांनी सुरुवातीपासून मस्टर तपासली, ते सत्तरीतही ग्रामसभेत उठून प्रश्न विचारतात. त्यांच्यातल्या एकालाही मी 'आदर्शवाद' हा शब्द वापरताना ऐकलेलं नाही.

तुम्ही सुट्टीत संघटनेत जाताच आहात, तर पदाधिकाऱ्यांच्या बैठकीपेक्षा आधी कामाच्या जागी जा. जुने कार्यकर्ते 'प्रॅक्टिकल हो' म्हणाले तर चिडू नका. त्यांना विचारा की गेल्या वर्षी किती अर्जांची पोच मिळाली आणि किती भत्ते मंजूर झाले. आकडे सांगू शकले तर त्यांच्याकडून शिका. सांगू शकले नाहीत तर तिथून काम सुरू करा, वही आणि टेप सोबत ठेवा.